गॅरेजात मावणारी गाडी

हॅमट्रॅमिक, मिशिगन
नोव्हेंबर १९८३

प्रिय आयरीनताईस,

धाकट्या कॅझचा सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे आईचा खुबा दुखतो, माझे कान थंडीने बधिर झालेत आणि कुत्रं लंगडतंय. बाकी सगळं उत्तम. भावोजींची पाठ कशी आहे? त्यांना म्हणावं, बर्फ उपसायची घाई करू नका, ते आपणहून वितळतं. (हे मी दरवर्षी आईलाही सांगतो आणि दरवर्षी फावडं माझ्याच हातात येतं.)

तू विचारलंस, इतकी वर्षं मोटारीच्या कंपनीत काय करतोस ते सांगत का नाहीस. ताई, बंदी होती गं. आता आमची ती नवी गाडी दुकानात येऊन उभी राहिली, म्हणून तोंड उघडतो. आईला तुझ्याकडे टोलीडोला आणणं का जमत नाही, हे तुला ठाऊकच आहे. साध्या मोटारीत ती एकदा खाली बसली की वर येत नाही, आणि व्हॅनमध्ये शिरायचं म्हणजे माडी चढायची. शेजारच्या रीटाच्या लग्नाला दोघा शेजाऱ्यांनी तिला उचलून व्हॅनमध्ये घातलं, तेव्हा "मी काय बटाट्याचं पोतं आहे?" असं म्हणून तिने जाहीर केलं, की यापुढे गाडीत बसताना कोणाचा हात लावून घेणार नाही. म्हणजे न जाणंच आलं. बाबा गेल्यावर ती तुझ्या उंबऱ्याला एकदाही शिवली नाही. तुला वाटत असेल ती रुसली आहे. रुसलेली नाही. रोज संध्याकाळी तुझ्या पोरांचे फोटो पुसते.

तर गाडीचं ऐक. मी तिथे मातीकाम करतो. खऱ्या मापाची अख्खी गाडी मातीची घडवायची, साहेबांनी मान हलवली की खरवडायची आणि पुन्हा लिंपायची. आमचे थोरले साहेब, हॅल्वर्सन (ताडमाड उंच, पाय कमरेपासून नव्हे तर गळ्यापासून सुरू होतात), त्यांनी ठरवलं की आत व्हॅनएवढी आणि बाहेरून घरच्या गॅरेजात मावेल अशी गाडी काढायची. देशभरातल्या गॅरेजांचे नकाशे मागवले. मी छप्पर खरवडून खाली आणलं, कडा आत घेतल्या. मग लाकडी सांगाडा करून, चादरीत गुंडाळून, ट्रकवर लादून आम्ही मोठ्या दिमाखात साहेबांच्याच घरी नेला. साहेबांनी गॅरेजचं दार वर केलं. आत पिंगपाँगचं टेबल, बर्फ झाडायचं यंत्र, हरणाच्या मटणाने भरलेला फ्रीजर, नाताळचं झाड, त्याच्या आधीचं नाताळचं झाड आणि एक होडी. सायकल उभी करायलासुद्धा जागा नव्हती. नकाशात गॅरेज रिकामं असतं गं! इतक्यात बाईसाहेब बाहेर आल्या. चादरीतलं धूड बघून म्हणाल्या, "आणखी काय आणलंत? आधी ती होडी विका!" आम्ही दाराला मोजायची टेप लावली, "मावते" असं लिहून घेतलं आणि मुकाट्याने परत फिरलो.

पुढचं भांडण गाडीच्या तळाचं. तो किती खाली ठेवायचा? साहेब लोक एकामागून एक टांग टाकून आत शिरले आणि म्हणाले, चालेल की, आणखी उंच करा. घट्ट स्कर्टातली बाई कशी चढणार, असं कोणीतरी विचारलं, तर एक तरणीताठी मॉडेल बोलावली. ती टुणकन आत! मग माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या आईला आणू का?" साहेब म्हणाले, आणा. (पण आधी घरी जाऊन तिला विचारायचं होतं ना.)

आई आली चर्चची टोपी घालून, पर्स काखेत. बाहेर कोणाला सांगणार नाही, अशा कागदावर सही केली. (सांगितलंच नाही कोणाला. फक्त कबुलीजबाबात फादरना सांगितलं. ते रविवारी मला चर्चच्या दारात गाठून विचारतात, "गाडीचं दार सरकतं म्हणे?") साहेब तिला हात द्यायला पुढे झाले. तिने पर्सने त्यांचा हात बाजूला सारला. एक पाय ठेवला. दुसरा ठेवला. आणि बसली, ताई. आपली आपण बसली. टोपीसुद्धा हलली नाही. मग पर्स कुठे ठेवायची म्हणून साहेबांना फैलावर घेतलं, आणि सगळं झाल्यावर माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "कॅझ, ही टोलीडोपर्यंत जाईल का रे?" मी घशात माती गेल्याचं सोंग करून खोकत राहिलो. तळ तेवढाच खाली राहिला.

पोरांना पापा, भावोजींना नमस्कार.

तुझा,
कॅझ

ता. क. : खरं काम राहिलंच. मी त्यातली एक गाडी घेतली आहे, तपकिरी. नाताळच्या आदल्या दिवशी आईला घेऊन जेवायला येतो. तर तेवढं तुझं गॅरेज रिकामं कर. बाबांची ती लांबलचक गाडी तू त्यांच्यामागे तिथून हलवू दिली नाहीस, मी काय मागतोय ते मला कळतं. पण ताई, गॅरेजात मावणारी गाडी मी आयुष्यात एकदा तरी गॅरेजात उभी बघावी, एवढीच इच्छा आहे.

दुसरा ता. क. : आईने वरचं वाचलं आणि माझ्या डोक्यात टपली मारली. म्हणते, बाबांची गाडी तसूभर हलवायची नाही. आपली राहील रस्त्यावर, बर्फ पडलं तर कॅझ झाडेल. तू फक्त त्या गाडीचं, बाबा बसायचे त्यांच्या शेजारच्या बाजूचं दार उघडून ठेव. तिला तिथे घटकाभर बसायचं आहे. ती सीट फार खाली आहे, तिथून तिचं तिला उठता येणार नाही, हे तिला माहीत आहे. तिथे मात्र हात लागेल म्हणाली. ताई, तुझा हात.