हात घातला की थांबतं

३ जून, मंगळवार
आजपासून रोजनिशी. कोणी वाचायची नाही, फक्त माझ्यासाठी. तरी अक्षर नीट काढतोय.

कारखान्यात सेफ्टी ट्रेनर म्हणून आज पहिलं ट्रेनिंग. साहेबांनी दिलेल्या स्लाइड्स चटकन गुंडाळल्या. माणूस वाचून शिकत नाही, बघून शिकतो. सगळ्या पोरींना मोबाइलच्या चिप टेस्टिंगच्या मशीनपाशी उभं केलं. आतला लोखंडी हात ट्रेमधून चिप उचलतो आणि खटाखट दाबून बसवतो. तोंडाशी किरणांचा पडदा, डोळ्यांना न दिसणारा. मी बाही सारली आणि चालू मशीनमध्ये सरळ हात घातला. पोरींच्या तोंडचं पाणी पळालं. मशीन जागच्या जागी थांबलं. मग टाळ्या.

ताईची मुलगीही बॅचमध्ये आहे. नोकरी मीच लावून दिली. ताई म्हणाली होती, तुझ्या भरवशावर पाठवतेय हो. भरवसा ठेवायला माणूस बरोबर निवडलाय.

१२ जून, गुरुवार
माझ्या ट्रेनिंगचा रिझल्ट दिसायला लागला. लाल बटण दाबलं तर मशीन सगळं पहिल्यापासून जुळवत बसतं, तोवर चहा पिऊन होतो. पडद्यात हात घातला तर नुसतं थांबतं आणि लगेच पुढे चालू. पोरींनी हे बरोबर हेरलं. चिप अडकली, घाल हात. ट्रे हलला, घाल हात. लाल बटणावर धूळ बसलीय. प्रॉडक्शन वाढलं, साहेबांनी पाठ थोपटली.

मेंटेनन्सच्या बाई, ज्यांना मी मनातल्या मनात नकारघंटा म्हणतो, त्यांना मात्र बघवलं नाही. म्हणाल्या, पडदा म्हणजे ब्रेक नव्हे, चुकून हात गेला तर वाचवायला ठेवलाय. खाली जाळी धरलीय म्हणून कोणी रोज गच्चीवरून उडी मारतं का, असंही विचारलं. मी हसून सोडून दिलं. काही लोकांना दुधातही खडा लागतो.

१९ जून, गुरुवार
नवं मशीन आलं. ट्रॉली आपोआप आत-बाहेर करते. ती जाताना पडदा थोडा वेळ झोपतो, नाहीतर ट्रॉलीलाच हात समजून मशीन थांबेल. नकारघंटा म्हणाल्या, याचं ट्रेनिंग वेगळं घ्या, आणि आजच घ्या.

घेणार आहे. पण वार्षिक सभेत ‘सुरक्षा ही सवय’ या विषयावर माझं भाषण आहे. शिवाय गुडघा दुखतोय. भाषण झालं की लगेच.

२४ जून, मंगळवार
भाषणाचा शेवट जमत नाहीये.

नव्या मशीनवर भाचीला घेतलं. शिफारस माझीच, पोरीचे हात चपळ आहेत. जिन्यात गाठून विचारत होती, मामा, हेही हात घातला की थांबतं ना? मी घाईत होतो. म्हणालो, अगं, सगळी एकाच माळेचे मणी.

ट्रेनिंग पुढच्या आठवड्यात नक्की.

१ जुलै, मंगळवार, दुपारी
ट्रॉली आत जात होती. ट्रे वाकडा झाला. भाचीने हात घातला.

थांबलं नाही.

१ जुलै, संध्याकाळी
हॉस्पिटल. उजवा हात. डॉक्टर म्हणाले, दोन बोटं गेली, तिसऱ्याचं बघू. ताई बाकावर बसलीय, रडत नाही, नुसती बसलीय. तिच्याशेजारी बसवेना, म्हणून बाहेर येऊन लिहितोय.

आजकालच्या पोरींना घाई फार. ट्रेनिंग मी या गुरुवारी घेणारच होतो. कोणाला सांगितलं नव्हतं, पण मनात ठरलं होतं म्हणजे ठरलंच होतं.

७ जुलै, सोमवार
चौकशी झाली. त्यासाठी बाहेरून एक अधिकारी आले होते. नकारघंटा रजेवर होत्या. नशीब.

भाची बँडेज बांधलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. अधिकाऱ्यांनी विचारलं, मशीन असं थांबवायला तुला कोणी शिकवलं. ती म्हणाली, कोणी नाही, माझीच घाई झाली. माझ्याकडे बघितलंही नाही तिने.

पोरगी गुणाची. मी बोलणार होतो, पण मधेच तोंड घातलं असतं तर ती खोटी पडली असती. आधीच दुखावलेल्या पोरीला खोटं कशाला पाडायचं?

तिसरं बोटही गेलं.

१३ जुलै, रविवार
ताईकडे गेलो. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच गेलो. दारापाशी उभा राहून दोनदा पुटपुटूनही पाहिलं.

ताईने पान वाढलं. भाची डाव्या हाताने जेवत होती, घास सांडत होते. ताई म्हणाली, तू होतास म्हणून रे, नाहीतर तिथे परक्यांत माझ्या लेकीला कोणी बघितलं असतं. तिने आग्रह केला तेव्हा आणखी थोडं वाढून घेतलं. सांगायचं राहूनच गेलं.

निघताना भाची दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, मामा, आईला मी कधीच सांगणार नाही. फक्त तुम्ही आता कोणाला शिकवू नका.

हो म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

उद्या नवी बॅच आहे. साहेबांना ऐन वेळी नाही म्हणणं बरं दिसत नाही. एवढी घेतो.