सोमवारची गोळी

वेलचेरी, चेन्नई

तीर्थस्वरूप माईस, भास्करचा साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. पडलेल्या दाताच्या जागी जबड्यात स्क्रू बसवायचं जरा पुढे गेलं, पण काळजी नको. इथली इडली चावावी लागत नाही.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, औषधं कोणती घेता? मी म्हटलं, एकही नाही. तशी सूनबाई म्हणाली, "बाबा, रोज सकाळची पित्ताची गोळी काय प्रसाद आहे?" बाई हसल्या. म्हणाल्या, त्या गोळीनेही स्क्रूभोवती हाड धरायला वेळ लागू शकतो. आणि ठिसूळ हाडांची गोळी चालू असेल तर आधी सांगायलाच हवं, कधीकधी जबड्याची जखम भरत नाही.

मला तुझी हाडांची सोमवारची गोळी आठवली. आठवड्यातून एकदाच घेतेस, म्हणून तू तिला औषध धरत नाहीस. तुलाही दात काढून स्क्रू बसवायचा आहे ना? आधी ती गोळी दातांच्या डॉक्टरांना दाखव. आपल्या मनाने बंद मात्र करू नकोस. गुडघा कसा आहे?

फोनवर तू "बरं बरं" म्हणतेस आणि विसरतेस, म्हणून लिहिलं. आईमागे मला दटावणारी तूच उरलीस, माई.

तुझा धाकटा भाऊ,
भास्कर