मोटार डावीकडे जाते

सातारा, ४ डिसेंबर १९४६

ती. गंगाधरदादास,
चारुलताचा शि. सा. नमस्कार वि. वि.

मोटार काल सुखरूप पोचली. लालासाहेबांच्या कारखान्यानं काम देखणं केलं आहे. डावं मडगार्ड नवं, दिवा नवा, रंग असा की इस्पितळातले लोक हात लावून बघतात. उंब्रजजवळ त्या मालाच्या लॉरीनं उजवीकडून ठोकरून आम्हाला डाव्या कडेच्या झाडावर ढकललं तेव्हा ही मोटार पुन्हा रस्त्यावर येईल असं वाटलं नव्हतं. सांगलीत राहून तू रोज कारखान्यात फेऱ्या मारल्यास, तुझ्याशिवाय हे झालं नसतं.

तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या आमच्या नर्स रंगूबाईंचं गळ्याजवळचं मोडलेलं हाडही जुळलं. परवापासून कामावर येतात.

एकच सांगायचं आहे. मोटार डावीकडे ओढते. चाक सरळ धरलं तरी ती कडेला सरकते, म्हणून सारखा उजवीकडे जोर लावावा लागतो. ब्रेक दाबला की जास्तच. कोरेगावला जाऊन आले तर उजवा खांदा भरून आला. लालासाहेबांना विचारशील का? सांगाडा सरळ केला म्हणजे नेमकं काय केलं?

आईच्या पायाची सूज उतरली का? शकुंतलावहिनीला सांग, लोणचं पोचलं आणि अर्धं संपलंही.

तुझी माया आहे तशीच असू दे.
चारू

सांगली, विश्रामबाग, ११ डिसेंबर १९४६

चि. चारूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. लगेच कारखान्यात गेलो. लालासाहेब म्हणाले की सांगाडा तापवून, ओढून सरळ केला आहे, बॉनेट आणि दारं बरोबर बसतात हीच त्याची खूण. मी स्वतः त्यांच्याबरोबर गावातून चक्कर मारली होती. मला तर गाडी लोण्यासारखी वाटली.

रागावू नकोस, पण एवढा मोठा अपघात झाल्यावर माणसाचा हात पूर्वीसारखा राहत नाही. लॉरी उजवीकडून अंगावर आली, म्हणून मन डावीकडे पळतं. तू डॉक्टर आहेस, मी तुला काय सांगावं! आई म्हणते, पोरीनं मोटार हाकायचा हट्ट सोडावा. शकुंतलेचं म्हणणं, ड्रायव्हर ठेव. गुंडा म्हणून एक माणूस पलटणीतून सुटून आला आहे. ब्रह्मदेशात त्यानं लष्करी ट्रक चालवले. तुमच्या इस्पितळाचे अध्यक्ष नानासो यांनाही मी हेच लिहिलं आहे.

लहानपणी सायकलवरून पडलीस तेव्हाही दोष सायकलचाच होता, आठवतं ना?

प्रकृतीला जप आणि लिहीत राहा.
तुझा दादा

सातारा, ६ जानेवारी १९४७

ती. दादास शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र वाचून मी रोज चाकावरचे माझे हातच बघत होते. मलाही वाटू लागलं की हात माझाच बिघडला. रात्री डोळे मिटले की लॉरी दिसते, हे खोटं नाही.

पण परवा एक गोष्ट पाहिली. एका ओढ्यातून मोटार काढली आणि पलीकडे कोरड्या रस्त्यावर उभी करून मागे वळून बघितलं. सरळ जाणाऱ्या मोटारीची मागची चाकं पुढच्यांच्या वाटेनंच येतात, ओल्या चाकांच्या दोनच रेघा उमटतात. माझ्यामागे चार होत्या. मोटार तिरकी चालते आहे, दादा. कुत्रं अंग वाकडं करून पळतं ना, तशी. पुढचा डावा टायरही एका कडेनं झिजला आहे. भीतीनं टायर झिजतो का?

हे मी नानासोंना सांगितलं. ते हसून म्हणाले, बाईसाहेब, रेघा कसल्या बघता, रस्ता बघा. वर, तुमच्या बंधूंचंही हेच मत आहे, म्हणाले.

म्हणून कालपासून किल्ली तू सुचवलेल्या गुंडाकडे दिली आहे. माणूस सरळ आहे. पहिल्याच फेरीनंतर म्हणाला, बाई, गाडी लय वढतीया. मी म्हटलं, नानासोंना सांग. तो म्हणाला, नोकरी नवी हाय. मी मागे बसते आणि खिडकीबाहेर बघते. आईला सांग, हट्ट सोडला.

चारू

सातारा, २९ जानेवारी १९४७

ती. दादास शि. सा. नमस्कार.

आम्हाला फारसं लागलेलं नाही, हे आधी लिहिते.

म्हसवडकडच्या एका वस्तीवरून निरोप आला. धोंडुबाई नावाची बाळंतीण अडली होती, मूल आडवं होतं. तिला घेऊन साताऱ्याला निघालो. गुंडा चालवत होता, रंगूबाई माझ्याबरोबर मागे होत्या. उताराला पुढे बैलगाडी आली, त्यानं ब्रेक दाबला, आणि मोटार डावीकडे अशी वळली की त्याचे दोन्ही हात चाकावर असून थांबली नाही. उताराच्या पायथ्याच्या पुलावर न जाता खालच्या चरात गेली.

त्याच बैलगाडीत धोंडुबाईला निजवलं. रंगूबाईंनी कंदील धरला. मी मूल हातानं फिरवून काढलं, ते मेलेलं आलं. मुलगा होता. बाई वाचली, इथे इस्पितळात आहे. वेळेवर पोचलो असतो तर मूल जगलं असतं का, हे मला डॉक्टर असूनही सांगता येत नाही. तिनं विचारलं तेव्हा मी तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मोटार चरातून काढताना लोक जमले, नानासोही आले. गुंडाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, तुझा काय दोष, गाडीच वाकडी आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. अपघातानं तुझं मन भ्यालं का रे, असं त्याला कुणी विचारलं नाही.

मला इतकंच लिहायचं होतं.
चारू

सांगली, विश्रामबाग, २० फेब्रुवारी १९४७

चि. चारूस आशीर्वाद.

मोटार न्यायला साताऱ्यास आलो तेव्हा तू किल्ली माझ्या हातात ठेवून रोग्यांकडे निघून गेलीस. बोलली असतीस तर बरं वाटलं असतं.

कारखान्यात या वेळी मी उभा राहून सगळं उघडायला लावलं. लालासाहेबांनी सांगाड्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरली, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर. दोन्ही मापं सारखी यायला हवीत. चार बोटांचा फरक निघाला. पहिल्या वेळी त्यांनी पत्रा बसेल एवढंच ओढलं होतं, दोरी धरलीच नव्हती. त्यांनी दोरी पुन्हा दोनदा धरून पाहिली.

पण मला राग त्यांच्यापेक्षा माझा आला. तुझ्या चार रेघांचं पत्र घरात वाचून दाखवताना तेवढाच भाग मी गाळला होता. का गाळला? तू म्हणतेस ते खरं निघालं तर मी नानासोंना लिहिलेलं खोटं ठरलं असतं, एवढंच बहुधा.

आता सांगाडा साखळ्यांनी जखडून, जॅक लावून हळूहळू ओढला आहे. तासगावपर्यंत मी स्वतः चालवत नेली. मोकळ्या रस्त्यावर हात सोडला, सरळ गेली. नानासोंनाही आज लिहिलं. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, किल्ली चारूच्या हातात दे.

जमलं तर राग धरू नकोस.
गंगाधर

सातारा, १८ मार्च १९४७

ती. दादास शि. सा. नमस्कार वि. वि.

मोटार खरंच सरळ चालते. पण इतके दिवस मी तिला उजवीकडे ओढत होते, ती खोड हाताला राहिली. आता ती सरळ जाते आणि मीच तिला उजवीकडे नेते. रोज पहाटे कोरेगावच्या रस्त्यावर जाऊन हात सैल ठेवायला शिकते आहे. गुंडा शेजारी बसतो आणि बाई, सोडा, सोडा म्हणत राहतो.

राग अजून आहे. नाही म्हटलं तर खोटं होईल. पण तू आलास आणि दोरी धरायला लावलीस, तेही मी विसरणार नाही.

लांबलेल्या तापातून उठलेल्या धोंडुबाईला काल घरी सोडायचं होतं. मोटार दारात आणली तशी ती पायरीवरच थांबली. नाक्यावरून सुटणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं जाते म्हणाली. मी आग्रह केला नाही, तिला तो हक्क होता. रंगूबाई तिचं गाठोडं घेऊन नाक्याकडे निघाल्यादेखील. तेवढ्यात धोंडुबाईनं वळून विचारलं, कोन चालवनार हाय? मी म्हटलं, मी. ती पायरी उतरली. मग मागचं दार सोडून पुढे आली आणि माझ्या शेजारी बसली.

आईला नमस्कार, वहिनीला प्रेम. पत्राची वाट बघते.
तुझी चारू