मी न दिलेलं निमंत्रणपत्र

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमची आठवण आली तरी तुमच्याशी बोलावं असं काही साचलं नव्हतं. आता साचलंय, आणि ज्यांच्याशी बोलता येईल अशी जिवंत माणसं मला सुचत नाहीत.

मी निफाडजवळ द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत कागदपत्रं बघते. शेजारच्या देशात रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांचं सगळं माझ्याकडे असतं. अकरावीला तुम्ही फळ्यावर वाटाघाटी, व्यापार आणि सैन्य असे तीन शब्द लिहिले होतेत आणि सांगितलं होतंत, की एक देश दुसऱ्याला आपलं ऐकायला लावतो तो याच वाटांनी. तेवढ्यात देवळालीच्या बाजूने तोफांच्या सरावाचा आवाज सुरू झाला, खिडकीची काच थरथरली आणि नेहमीसारख्या तुम्ही खडू हातात धरून तो थांबायची वाट बघत उभ्या राहिलात.

त्याच वर्षी सीमेवर काहीतरी घडलं होतं आणि तुम्ही वर्गात चर्चा ठेवली. मी तावातावाने बोलले. लढाई नको, पण व्यापार तोडा, व्हिसा बंद करा, सगळं बंद करा, आपोआप वठणीवर येतील. टाळ्या पडल्या. तुम्ही त्या थांबू दिल्यात आणि म्हणालात, "सगळं म्हणजे कोण कोण, ते उद्या लिहून आण." मी लिहून आणलं: त्यांचं सरकार, त्यांचं लष्कर, त्यांचे बडे व्यापारी. तुम्ही खाली लाल शाईने एवढंच लिहिलंत, "आणखी?"

मला राग आला. रविवारी मी तुमच्या घरी आले ती भांडायलाच. स्वयंपाकघरात तुमचे यजमान मटार सोलत बसलेत. तोफखान्यात नोकरी करून दोन्ही कानांनी जवळजवळ बहिरे झालेले. माझ्याकडे बघून नुसते हसतात. मी तुम्हाला म्हणते, बाई, तुम्ही फौजीच्या घरातल्या, तुम्हाला तरी माझं पटायला हवं. तव्यावरची पोळी उलटत तुम्ही सांगता, की व्यापार तोडणं कधी कधी भागच असतं, लढाईपेक्षा ते केव्हाही बरं, हवं तर ह्यांना विचार. मग माझ्याकडे वळून म्हणता, "फक्त त्यात कुणाला काही लागत नाही, असं म्हणू नकोस." मी पोळी-उसळ खाऊन, न भांडता घरी गेले. पटलं होतं म्हणून नव्हे. उसळ चांगली झाली होती.

सीमेपलीकडे आमची द्राक्षं घेणारे एक सत्तरीचे गृहस्थ आहेत. नऊ हंगाम मी त्यांच्याशी फोनवर बोलते आहे. मोडकंतोडकं हिंदी बोलतात, मला बेटी म्हणतात. दर वर्षी हंगामाआधी ते माल बघायला यायचे, त्यासाठी कंपनीचं निमंत्रणपत्र लागायचं, ते मीच तयार करायची. बायकोलाही बरोबर आणायचे. तिच्या हृदयाचं दुखणं होतं आणि तिची तपासणी आपल्याकडच्या एका डॉक्टरांकडे चालायची.

गेल्या हंगामात दोन्ही देशांचं बिनसलं. आधी निषेधाची पत्रकं निघाली, राजदूतांना बोलावून समज दिली गेली. मग त्यांनी आपल्या फळांवरचं आयात शुल्क वाढवलं, आपण सीमेवरचा रस्ता बंद केला, आणि व्हिसा मिळणं जवळजवळ थांबलं. माझ्या चार गाड्या सीमेवर आठ दिवस उभ्या होत्या. ड्रायव्हर फोनवर सांगत होता, मॅडम, दारातून रस गळायला लागलाय, लय माशा झाल्यात. आपल्या सरकारचं चुकलं असं मी म्हणत नाही. तेवढं मला कळतही नाही.

मग त्या गृहस्थांचा फोन आला. मला वाटलं, मालाचं विचारतील. पण त्यांनी द्राक्षांचं नावही काढलं नाही. बायकोला जिना चढवत नव्हता. उपचारासाठीचा व्हिसा दोनदा नाकारला होता. व्यापारासाठीचे थोडे अजून मिळत होते, आणि त्यांच्या पेढीत कागदोपत्री ती भागीदार होती. म्हणजे तिला निमंत्रण देण्यात खोटं काही नव्हतं. ते म्हणाले, "बेटी, एक पत्र दे. बाकीचं मी बघतो."

त्याच आठवड्यात ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, की अजूनही त्या लोकांशी गोड बोलणारे आपल्यातच आहेत, त्यांच्याकडे लक्ष ठेवा. खाली अंगठ्यांची रांग लागली होती. मी त्या गृहस्थांना म्हटलं, मालकांना विचारून सांगते. दोन दिवसांनी कळवलं, मालक नाही म्हणतात. ते म्हणाले, ठीक आहे, त्यांचीही काही अडचण असेल.

पत्र दिलं असतं तरी व्हिसा मिळाला असताच असं नाही. हे मी स्वतःला रोज सांगते.

दीड महिन्यात ती गेली. मी फोन केला तेव्हा ते शांतपणे बोलले. आमच्याकडची थंडी कशी आहे, ते विचारलं. ठेवता ठेवता म्हणाले, "तुझ्या मालकांना सांग, माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग नाही."

आता रस्ता पुन्हा उघडायच्या बातम्या आहेत, निफाडात छाटण्याही उरकल्यात. मालक रोज माझ्या टेबलापाशी येतात, पलीकडून काही कळलं का विचारतात. तो निरोप मी त्यांना अजून दिलेला नाही. देणार कसा, बाई? मी त्यांना विचारलंच नव्हतं.