गोरी नव्हतीस तू, शालू

माझ्या लाडक्या शालू,

तू गेल्यापासून तुला एक ओळ लिहायची हिंमत झाली नाही. आज लिहितोय, कारण तुझ्या शाळेची पत्र्याची पेटी उघडली. सूनबाईला पाचवा महिना लागलाय. तिला वाचून दाखवायला तुझं कवितांचं जुनं पुस्तक शोधत होतो. पुस्तकाखाली निघाल्या तुझ्या रक्तवाढीच्या लाल गोळ्या. एकही पाकीट फोडलेलं नाही!

फोडशील कशी? मीच म्हणालो होतो, "टाक पेटीत. त्यानं लेकरू काळं होतं."

पहिलं बाळंतपण म्हणून तू माहेरी आल्तीस. रोज संध्याकाळी ओसरीवर मी कविता म्हणायचो, तू भिंतीला टेकून ऐकायचीस. दिवसागणिक तुझा चेहरा उजळत चालला. "चांदणं सांडलंय माझ्या लेकीच्या तोंडावर," असं मी गल्लीभर सांगत फिरलो!

घरोघरी बाळंतिणी तपासणाऱ्या आरोग्यखात्याच्या आशाताईनं तुझी पापणी खाली ओढून बघितली. "काका, ही गोरी न्हाई झाली. रगत न्हाई हिच्यात. गोळ्या घेती का बराबर?"

मी हसलो. "बाई, तुला कवितेतलं काय कळतंय?"

तू माझ्याकडं पाहिलंस आणि म्हणालीस, "घेते." का गं? बापाची लाज राखायला? एकदा तरी उलट बोलायचंस!

तुझ्या तपासणीच्या कार्डावर नर्सनं रक्ताच्या आकड्याभोवती लाल शाईनं गोल केला होता. घरात वाचनाची हौस मला. पुस्तक पाठ होतं, कार्ड उघडलं नाही.

लेकरू घरातच झालं, गोरंपान. तुझं रगत मात्र थांबेना. दवाखान्यात नेताना जीपमध्ये, वाटूरच्या अलीकडं, तू म्हणालीस, "आबा, थंडी वाजून राह्यली." मला दुसरं काही सुचेना, मी कविता म्हणू लागलो. दुसऱ्या कडव्याला तू गेलीस.

तुझा मुलगा जावयाकडं असतो. वाढता वाढता सावळा निघालाय, अगदी माझ्यासारखा.

सूनबाईनं आज ती पाकिटं पाहिली. "आबा, ह्या शालूताईच्या का?"

"हो."

तिनं माझ्यादेखत आपली गोळी गिळली, वर तांब्याभर पाणी प्याली. "मंग ते पुस्तक ठेवा तिथंच."

ठेवलं.

शालू, तिच्या कार्डावरची ओळ न् ओळ मी मोठ्यानं वाचीन. आणि गावात कुणी पोटुशीला "काय गोरी झालीस!" म्हणालं, की त्या घरी जाऊन सांगीन, माझी लेक अशीच गोरी होऊन मेली, आणि तिच्या गोळ्या मी बंद केल्या होत्या.

तुला पांढरी पडताना कौतुकानं बघणारा,
आबा