शंभर टक्क्यांची यादी

१४ सप्टें. ९६, शनिवार
प्रिन्सिपलनी दहावीचा तक्ता माझ्या गळ्यात मारला. शाळेच्या कमिटीला चाचणीचे नुसते मार्क नकोत. शेजारी मातृभाषा, राहण्याचा भाग, वडिलांची नोकरी, सगळं हवंय. कोणती मुलं का मागे पडतात ते कळावं म्हणून म्हणे. पट्टी-पेन्सिल घेऊन बसले. अक्षर चांगलं असल्याची शिक्षा आहे ही.

मल्याळम, तमिळ, उर्दूचे रकाने भरले. मराठीत इनमिन पाच, आखातातल्या शाळेत आणखी किती असणार. इथल्या महाराष्ट्र मंडळातली माणसं शाळेत मराठीचा तास मागतायत, पाच मुलांवर कोण देणार? दहावी ब मधल्या रुबिना परकारच्या फॉर्मवर उर्दू लिहिलंय. पण ही माणसं रत्नागिरीकडची, घरात बोलतात ती आपलीच बोली. खोडरबर घेतलं, तिला मराठीत आणलं. पाचाची सहा. स्वतःवर खूश.

१७ सप्टें.
रुबिना, गणित, शंभरात एकवीस. शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. इंग्रजीत समजावलं तर नुसती मान डोलावते, मराठीत सांगितलं की चटकन धरते. उत्तर मात्र "ओके मिस, गॉट इट." तीनपैकी दोन उदाहरणं बरोबर आली. रोज अर्धा तास दिला तर मार्चपर्यंत निघेल ही पोर.
नववीचे पेपर तपासून झाले की सुरू करू. पुढच्या आठवड्यात.

२२ सप्टें., रवि.
इथे रविवारही कामाचाच. तक्ता कशासाठी होता ते कळलं. तळातली सात नावं, लाल पेनने. बोर्डाकडे यादी जायच्या आत ही मुलं पटावरून कमी करायची. परीक्षेला बाहेरून बसतील. पालकांनी 'स्वखुशीने काढून घेत आहोत' असं लिहून द्यायचं. मग निकाल शंभर टक्के.

मी विचारलं, पालक नाही म्हणाले तर? तर आपल्याला काही करता येत नाही, प्रि. म्हणाले, म्हणूनच नीट बोलायचं. मग रुबिनाच्या नावावर बोट. "शी इज युवर मराठी, मिसेस कर्णिक. यू टॉक टू द मदर."

उर्दूच्या रकान्यात असती तर उर्दूच्या सरांकडे गेली असती. ते भांडखोर आहेत. निदान भांडले तरी असते. मी 'येस सर' म्हटलं.

२५ सप्टें.
रुबिनाची आई आली. एकटीच. नवऱ्याला स्पेअर पार्टच्या दुकानातून सुट्टी नाही. आधी हिंदीत चाचपडत बोलत होती, मी मराठीत सुरू केल्यावर तिचा चेहराच खुलला. दापोलीजवळचं गाव, इथे नईम भागात राहतात, सगळं सांगून झालं. चहा मागवला मी. चहा!

सांगितलं ते सगळं खरंच होतं. पेपर तोच, बोर्ड तेच, घरी बसून जास्त अभ्यास होईल. खोटं एक अक्षर नाही. फक्त नाही म्हणता येतं एवढंच बोलले नाही. कागद इंग्रजीत. तिने वाचायला घेतलासुद्धा नाही. "तुमी आपल्यातल्या. तुमी सांगताव मंजे बराच असंल. सही कुटं करू?"
मी बोटाने जागा दाखवली.

२८ सप्टें.
रुबिना दप्तर न्यायला आली. स्टाफरूमच्या दाराशी उभी राहिली. "मिस, आय वुड हॅव पास्ड, नो?" मी म्हटलं, अजूनही होशील, बाहेरून बस. "ओके मिस."
तिला अर्धा तास द्यायला सुरुवातच झाली नाही. एक दिवस दिला होता. एक.

९ ऑक्टो.
ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, तू नसतं केलंस तर दुसऱ्या कुणी केलं असतं. असेल. पण दुसऱ्या कुणावर तिने इतक्या पटकन विश्वास टाकला नसता.

परकारांनी मुलीला गावी पाठवलं, आजीकडे. शाळा नाही तर इथे कशाला ठेवायची. आता बाहेरून बसण्याचा फॉर्म कोण भरणार, कुठून, मला तरी कुठे ठाऊक आहे. मी तर किती सोपं करून सांगितलं होतं.

३१ मे ९७
निकाल. शंभर टक्के. स्टाफरूममध्ये पेढे. प्रि. नी सर्वांसमोर माझ्या तक्त्याचं कौतुक केलं, यंदाही तसाच हवा म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी 'थँक्यू सर' म्हटलं. लाज वाटली, पण पेढा खाल्ला.

१३ जून, शुक्र.
दूध-दही घ्यायला नईमच्या कोल्ड स्टोअरमध्ये गेले, तिथे रुबिनाची आई. मी मागच्या मागे सटकणार होते, तिनेच हाक मारली. गेल्या आठवड्यात मुलीला घेऊन परत आली. फॉर्म भरलाच गेला नाही, वर्ष फुकट. मुलगी दिवसभर घरात बसून असते, कुणाशी बोलत नाही. पुन्हा दहावीत घेतील का, म्हणून मलाच भेटायला येणार होती. अजूनही मलाच.

मग दह्याचे डबे चाचपत, माझ्याकडे न बघता, "मॅडम, एक इचारू? तवा मी सही नसती केली, तर तिला काडली असती काय?"

खूप उत्तरं सुचली. शेवटी म्हटलं, "नाही. काढता आलं नसतं."

"मंग तुमी बोललाव का नाय?"

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मी माफी मागितली, तिने ती ऐकली की नाही कळलं नाही. दह्याचे पैसे दिले, पिशवी उचलली, दारापर्यंत गेली आणि वळली. "उद्या मी येताय शाळंत. ह्याच तुमी मोठ्या सरांसमोर सांगाल?"

हो म्हणाले. साडेसातला गेटवर येणार आहे. ह्यांना अजून काही बोलले नाही.