दहापट डोस

३ जून

चि. धाकटीस, अ. आ.

हे पत्र मुद्दाम हाताने लिहितोय. हल्ली कीबोर्ड असलेल्या कशावरच माझा भरवसा उरलेला नाही.

आमच्या हॉस्पिटलच्या फार्मसीत सोमवारपासून एक मुलगी कॅमेरा लावून माझ्या पाठीमागे बसते. माझा हात कुठे अडखळतो, नजर कुठे जाते, सगळं टिपून घेते. वर म्हणते, काका, मनात येईल ते मोठ्याने बोलत काम करा. परीक्षा स्क्रीनची आहे, तुमची नाही, असंही गोड बोलून सांगते. मला काही ते पटत नाही. गेल्या महिन्यात शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या हातून एका पेशंटला दहापट डोस गेला. नर्सच्या वेळीच लक्षात आलं म्हणून तो वाचला. बाई निलंबित झाल्या. साहेबांनी विचारलं तेव्हा, बाईंचं कामात लक्ष नसतं, असं मीच लिहून दिलं. आता माझा नंबर लागलेला दिसतोय.

माणसं कॉम्प्युटर कसा वापरतात ते बघणं हा तर तुझा धंदाच. घरच्या माणसाला तरी खरं सांग.

लोभ असावा, आणि उत्तर पाकिटातूनच यावं.

तुझा दादा

९ जून

ती. दादास, सा. न.

टीव्हीचा रिमोटसुद्धा पाळत ठेवतो म्हणणारा माणूस तू! त्या मुलीचं म्हणणं खरं आहे, आम्ही स्क्रीनच तपासतो. पण या वेळी तुझा संशय अगदीच वाया नाही. चित्रीकरण कोणाकोणाकडे जाणार, ते लेखी माग. कागद मिळाला की नेहमीच्या वेगाने काम कर. कॅमेऱ्यासमोर शहाण्यासारखा वागलास तर कोणालाच काही कळणार नाही.

आणि एक विचारते. त्या बाई वीस वर्षं तुझ्या शेजारी बसल्या. त्यांचं लक्ष नसतं, हे तुला नेमकं कधी दिसलं?

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी लोभात कपात नको.

तुझी धाकटी

१८ जून

चि. धाकटीस, अ. आ.

कागद मागितला. त्यात खाली बारीक अक्षरात होतं, एक प्रत कर्मचारी विभागाला. मी सरळ खुर्चीवरून उठलो. नवल म्हणजे ती मुलगी माझ्याआधी भडकली. तिलाही कोणी हे सांगितलेलं नव्हतं. साहेबांशी भांडून तिने ती ओळ खोडून आणली, सहीसकट.

मग सरावाच्या खोट्या चिठ्ठ्यांवर नेहमीसारखा हात चालवला. अकरावीवर पाच मिलिग्रॅम लिहिलं होतं. मी पाचचा आकडा टाकला, बटण दाबलं. गेले पन्नास मिलिग्रॅम. काही औषधं निवडली की चौकटीतलं मिलिग्रॅम गुपचूप मिलिलिटर होतं, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात, आणि या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम असतात. तिने चित्रीकरण दाखवलं. माझी नजर त्या कोपऱ्याकडे एकदाही गेली नव्हती. आम्हा आठजणांपैकी सहाजण तिथेच फसलो.

तू विचारलंस त्याचं उत्तर, कधीच नाही. सगळे म्हणत होते, म्हणून मीही लिहिलं. जेवण गोड लागत नाही. काय करू?

दादा

२३ जून

ती. दादास, सा. न.

स्क्रीनच्या तपासणीचा अहवाल यायला तीन महिने लागतील. तोवर बाई घरी बसून स्वतःलाच दोष देत राहतील. जबाब आजच मागे घे. आणि त्यांना पत्रबित्र धाडू नकोस, स्वतः जा.

लोभ आहेच, धीरही असू दे.

तुझी धाकटी

१२ जुलै

चि. धाकटीस, अ. आ.

जबाब मागे घेतला. साहेब म्हणाले, नसती उठाठेव. त्याच संध्याकाळी बाईंकडे गेलो. त्यांनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत. आणखी कुठल्या कागदावर सही घ्यायला आलोय, असं वाटलं असणार. दारातच सगळं सांगितलं. माझ्याही हातून तेच झालं म्हटल्यावर बाईंनी दारावरचा हात काढला. म्हणाल्या, त्या दिवसापासून मुलीचं खोकल्याचं औषधसुद्धा मी नवऱ्याला मोजायला लावतेय.

माझा जबाब मागे गेला आणि आठांतले सहा फसले हे त्या मुलीनेही लेखी दिलं, तेव्हा कुठे निलंबन उठलं; सोमवारी त्या कामावर आल्या. स्क्रीन अजून तीच आहे. म्हणून प्रत्येक चिठ्ठीचा आकडा आम्ही एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवतो. आकड्यांपलीकडे बाई माझ्याशी एक शब्द बोलत नाहीत. मीही तो मागत नाही.

तुझा लोभ कमी व्हावा असंच मी वागलो. तरी आहे तेवढा राहू दे.

तुझा दादा